नाण्यांच्या चिठ्ठ्या: कोणता पेन, कोणता कागद आणि त्यावर नेमकं काय लिहायचं?

दोन_पैसे (धागाकर्ता)

संग्रह नव्याने लावायला घेतला आहे. ब्रिटिश भारताचे चांदीचे रुपये, पाव आणे, स्वातंत्र्यानंतरची दशमान नाणी आणि थोड्या शिवराया (मराठेकालीन तांब्याची नाणी) आहेत. बहुतेक नाणी पुठ्ठ्याच्या चौकटींत ठेवायची आहेत, दुकानदार ज्यांना 'टू बाय टू' म्हणतात त्या. नाणी कशी ओळखायची, कशी ठेवायची यावर पुष्कळ लिहिलेलं सापडतं. चिठ्ठी कशाने लिहायची हे मात्र कुणी नीट सांगत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो:

बॉलपेन, जेल, मार्कर, लायनर की पेन्सिल? पुठ्ठ्यावर लिहावं की वेगळी चिठ्ठी घालावी? एवढ्याशा जागेत काय काय लिहावं? घर कोकणात आहे, पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, हे लक्षात घेऊन सांगा.

कागदकाम

उत्तर आधी, कारणं नंतर. पुठ्ठ्याच्या चौकटीवर काळ्या पिगमेंट शाईचा बारीक लायनर वापरा. सुट्या चिठ्ठीवर आणि कागदी पाकिटावर एचबी पेन्सिल. बाकीचे सगळे पर्याय या दोहोंनंतर.

शाईत रंग दोन प्रकारे असतो. डायच्या शाईत तो साखरेसारखा विरघळलेला असतो, म्हणून पाण्याने पसरतो आणि उजेडाने उडतो. पिगमेंटच्या शाईत रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण असतात, ते कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. काळ्या पिगमेंटमध्ये बहुधा कार्बन असतो आणि कार्बनवर उजेडाचा परिणाम होत नाही. आपल्या जुन्या पोथ्या काजळ आणि डिंकाच्या शाईने लिहिलेल्या आहेत, त्यांची अक्षरं अजून काळीभोर दिसतात ती याच कारणाने. फक्त ती शाई ओल्या बोटाने पुसली जाते. पिगमेंट लायनरची शाई सुकल्यावर पाण्याला दाद देत नाही.

दुकानात साकुराचा पिग्मा मायक्रॉन, युनि पिन किंवा स्टेडलरचा पिगमेंट लायनर मागा. मायक्रॉनच्या नंबरांनी गोंधळ होतो: ००५ म्हणजे ०.२० मिमी, ०१ म्हणजे ०.२५, ०२ म्हणजे ०.३० आणि ०५ म्हणजे ०.४५. देवनागरीला ०१ किंवा ०२ घ्या. ०५ ने तीन मिमी उंचीचं अक्षर काढलं की जोडाक्षरांची पोटं भरतात, 'ष' आणि 'प' सारखे दिसायला लागतात. ००५ चं टोक फार नाजूक असतं आणि खरबरीत पुठ्ठ्यावर लवकर झिजतं.

लायनरवर बॉलपेनसारखा दाब द्यायचा नाही. टोक आत गेलं की पेन संपला, शाई कितीही शिल्लक असली तरी. गुळगुळीत चकचकीत पुठ्ठ्यावर शाई सुकायला वेळ लागतो. तिथे लिहून लगेच हात फिरवला तर काळा फराटा उठतो, म्हणून दहा-बारा चौकटी ओळीने मांडून लिहा आणि पहिलीला पुन्हा हात लावायच्या आधी पाच मिनिटं जाऊ द्या.

रुपेरी

कागदकाम यांच्याशी सहमत. त्यात एक नियम मोठ्या अक्षरांत जोडते: आधी लिहायचं, मग नाणं आत ठेवायचं. उलटं कधीच नाही.

चौकट मिटून पिना मारल्यावर वर पेन टेकवला की दाब पुठ्ठ्यातून खाली पोचतो, नाणं मायलरच्या, म्हणजे खिडकीवरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या, पडद्यावर सरकतं आणि घासतं. चकाकीच्या चांदीच्या रुपयावर अशा केसासारख्या रेघा भिंगातून लगेच दिसतात आणि त्या कायमच्या असतात.

माझा क्रम असा. नाण्याचा व्यास व्हर्नियरने मोजा. त्याहून थोड्या मोठ्या खिडकीची चौकट निवडा. नेहमी मिळणारी मापं १७.५, २०, २२.५, २५, २७.५, ३०, ३२.५, ३५ आणि ३९.५ मिमी अशी आहेत. पंचम जॉर्जचा रुपया सुमारे ३०.५ मिमीचा असतो, त्याला ३२.५ ची खिडकी. खिडकी घट्ट झाली तर नाण्याची कड पुठ्ठ्याला टेकते, आणि तांब्यावर तिथे डागांची कड धरते. मग चौकट उघडी सपाट ठेवून बाहेरच्या बाजूला लिहा. लिहून झाल्यावर आतल्या बाजूवर कॅमेऱ्याच्या लेन्सवरची धूळ उडवायचा रबरी फुगा मारा. नव्या चौकटींत पुठ्ठ्याचा बारीक भुसा असतो. तो तांब्याच्या नाण्याला चिकटून राहिला की दमट हवेत नेमक्या त्या जागी काळा ठिपका येतो. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचा सूक्ष्म थेंबसुद्धा तेच काम करतो.

नंतर नाणं कडेने धरून ठेवा, चौकट मिटवा आणि तीन बाजूंना १० नंबरच्या पिना मारा. घडीच्या बाजूला लागत नाही. पिन खिडकीपासून निदान पाच मिमी लांब हवी. मागे वळलेली टोकं चपट्या तोंडाच्या पकडीने दाबून सपाट करा. नाही केली तर चौकटी एकावर एक ठेवल्यावर वरच्या चौकटीची पिन खालच्या नाण्याचा मायलर फाडते. पुढे कधी नाणं काढायचं झालं तर आधी सगळ्या पिना काढा आणि मगच चौकट उघडा. अर्धवट उघडून ओढलं की पिनेचं टोक नाण्यावरून जातं.

पिनांशिवाय चिकटणाऱ्या चौकटी मिळतात, त्या दिसायला नीटनेटक्या. पण गोंद कालांतराने कडांतून बाहेर सरकतो, आणि उन्हाळ्यात तर जास्तच. चांदीसाठी मी पिनांच्याच चौकटी वापरीन.

पाव_आणा

इतका पसारा कशाला, असं वाटतं. साध्या बॉलपेनने लिहिलेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या चिठ्ठ्या कपाटात अजून स्पष्ट वाचता येतात. बॉलपेन वाईट कसा?

कागदकाम

पाव_आणा, प्रश्न योग्य आहे. अंधारात बॉलपेनची शाई बरीच टिकते हे खरं. बंद कपाटातल्या चिठ्ठीला उजेड मिळत नाही, म्हणून ती वाचता येते. पण माझ्या हरकती तीन आहेत.

पहिली, बॉलपेनला दाब लागतो, म्हणजे रुपेरी यांनी सांगितलेला धोका आलाच. दुसरी, ती तेलकट शाई आहे. कागदावर ती सुकल्यासारखी वाटते, पण मऊ प्लास्टिकला लागून राहिली तर हळूहळू त्यात उतरते, आणि अक्षराची उलटी छाप पाकिटावर उमटते. तिसरी, सगळ्या बॉलपेनांची शाई सारखी नसते. काळी म्हणून घेतलेली काही वर्षांनी तपकिरी किंवा जांभळट होते, आणि लाल-हिरवी तर फारच लवकर फिकी पडते. दुकानात उभं राहून कोणती टिकेल हे कळत नाही.

वहीत नोंद करायला बॉलपेन चालेल. नाण्याच्या शेजारी नको.

जेल पेनचंही तसंच. काही जेल पेनांत पिगमेंट असतं (युनिबॉल सिग्नो त्यातला), बऱ्याच स्वस्त पेनांत डाय. पेनवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर डायच समजा. आणि एक प्रकार पूर्ण टाळा: खोडता येणारे जेल पेन. त्यांची शाई घर्षणाच्या उष्णतेने, साधारण ६० अंशांना, अदृश्य होते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. प्रदर्शनाला नेलेला डबा गाडीत राहिला तर सगळ्या चौकटी कोऱ्या होतील.

निब_आणि_शाई

फाउंटन पेनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. निबने लिहिलेली चिठ्ठी सुंदर दिसते, पण बाटलीतली नेहमीची निळी शाई डायची आहे. एक थेंब पाणी पडलं की ओळ गेली. लोह-पित्त शाई म्हणजे टॅनिन आणि लोहाच्या क्षाराची शाई पाण्याला टिकते, पण ती आम्लधर्मी आहे. जुन्या कागदपत्रांत अक्षरांच्या जागी कागद जळल्यासारखा तुटलेला दिसतो तो या शाईमुळे. तांब्याच्या नाण्याखाली अशी चिठ्ठी कधीही ठेवू नये.

कॅमलची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक बुडवायच्या निबने वापरता येते, काळी आणि पक्की. पण ती फाउंटन पेनमध्ये भरू नका, आत सुकून पेन बंद पडतो.

कोणताही पेन घेतलात तरी विश्वास ठेवण्याआधी घरी तपासून पाहा. जो पुठ्ठा वापरणार त्याचीच एक पट्टी घ्या. तीवर प्रत्येक पेनने एकेक ओळ लिहा, शेवटी पेनचं नाव पेन्सिलने. एक दिवस सुकू द्या. मग ओळीच्या डाव्या टोकाला पाण्याचा थेंब ठेवून पाच मिनिटांनी टिपकागदाने टिपा. पुढच्या शब्दावर अल्कोहोलचा सॅनिटायझर लावलेला कापूस एकदाच फिरवा. उजवा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून पट्टी दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला महिनाभर लावून ठेवा. मग काळा कागद काढून दोन्ही अर्धे शेजारी बघा. डायच्या शाया इथे लगेच उघड्या पडतात.

पेन्सिलची ओळ या तिन्ही परीक्षांत जशीच्या तशी राहते. ग्राफाइट हा कार्बनच. ती खोडरबराने जाते एवढाच तिचा दोष, आणि ओळख पक्की नसलेल्या नाण्यासाठी तो गुणच आहे.

शिवराई_प्रेमी

पेन्सिलीबद्दल एक पुस्ती. २बी किंवा त्याहून मऊ नको, तिची पूड सुटते आणि बोटांवरून नाण्याकडे जाते. ४एच सारखी कडक नको, ती कागद कोरते आणि अक्षर तिरप्या उजेडातच दिसतं. एचबी, टोक किंचित बोथट केलेलं.

शिवरायांसाठी पुठ्ठ्याच्या चौकटी विसरा. हातोड्याने घडवलेली नाणी, जाडी सारखी नाही, कड गोल नाही. दाबून बसवली की चौकट फुगते आणि मायलर कोपऱ्यात फाटतो. त्यांना दोन मार्ग आहेत.

एक, दोन कप्प्यांची कडक पारदर्शक पाकिटं. एका कप्प्यात नाणं, दुसऱ्यात चिठ्ठी. चिठ्ठीसाठी आम्लमुक्त कार्ट्रिज पेपर, साधारण १५० जीएसएम. माप ४८ × ४८ मिमी ठेवा, पन्नासची कापली तर कप्प्यात वाकते. ए-४ कागदातून चार आडव्या आणि सहा उभ्या अशा चोवीस निघतात. कात्रीने नको, लोखंडी पट्टी आणि कटरने कापा, नाहीतर कडांना कुस येते.

दोन, खाचांचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ट्रे, आणि प्रत्येक नाण्याखाली गोल चिठ्ठी. ही जुन्या संग्राहकांची पद्धत, आणि हातात नाणं घेऊन अभ्यास करणाऱ्यासाठी अजूनही सगळ्यात चांगली. पण इथे चिठ्ठी नाण्याला प्रत्यक्ष टेकते. म्हणून फक्त पेन्सिल, किंवा पूर्ण एक दिवस सुकवलेला पिगमेंट लायनर. ट्रे लाकडाचा असेल तर प्लायवूड आणि एमडीएफ नको. त्यांच्यातल्या चिकटद्रव्यातून आम्लाच्या वाफा निघत राहतात, आणि बंद खणात त्यांना जायला वाट नसते.

जुनं नाणं विकत घेताना बरोबर आधीच्या मालकाची चिठ्ठी आली असेल, मोडीत असो की इंग्रजीत, तर ती टाकू नका आणि तिच्यावर काही लिहूही नका. नाणं कुठून आलं याचा तोच पुरावा असतो. वेगळ्या पाकिटात घालून आपला क्रमांक त्या पाकिटावर लिहा.

दोन_पैसे

अपेक्षेपेक्षा खूप जास्त मिळालं, सगळ्यांचे आभार. शिवराई_प्रेमी, 'कडक पाकिटं' का म्हणालात? माझ्याकडे मऊ, लवचीक पाकिटांचा गठ्ठा आहे. त्यांवर परमनंट मार्करने नावं लिहिली आहेत.

रुपेरी

मऊ पाकिटं बहुधा पीव्हीसीची असतात आणि तीच खरी चिंता आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात. ते वर्षांनुवर्षं झिरपत राहतं, शिवाय प्लास्टिक विघटित होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. तांब्यावर आणि चांदीवर चिकट हिरवा थर चढतो. वेळेत लक्षात आला तर निघतो, नाहीतर खालचा धातू खाल्लेला असतो.

शंका असेल तर घरगुती चाचणी आहे, पण ती गच्चीत किंवा अंगणात, आणि नाण्यांपासून लांब करा. तांब्याची जाड तार पकडीत धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा. हिरवा रंग दिसेनासा होईपर्यंत जळू द्या. गरम टोक प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत लखलखीत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. धूर विषारी असतो, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा आणि नखाएवढाच तुकडा घ्या.

मार्करचं निराळं. त्याची शाई अल्कोहोलसारख्या द्रावकात असते. प्लास्टिकवर ती नुसती वर बसते, म्हणून घामेजलेल्या बोटांनी आणि पाकिटं एकमेकांवर घासून झिजते. पुठ्ठ्यावर ती पाझरून मागे उमटते. दोन्हीकडे वाईट. पिगमेंट लायनर तर मायलरवर थेंबाथेंबाने गोळा होतो, धरतच नाही. प्लास्टिकवर लिहूच नका, चिठ्ठी आत घाला.

टाकसाळ_चिन्ह

पेन-कागद झालं, आता मजकुराकडे. माझ्या मते निम्म्या चिठ्ठ्या इथेच बिघडतात.

३२.५ च्या खिडकीच्या चौकटीत वर-खाली पावणेनऊ मिमीची पट्टी उरते, त्यातले दोन-तीन पिनांचे. म्हणजे वर दोन ओळी, खाली एक. वर डावीकडे राज्य आणि मूल्य, उजवीकडे वर्ष आणि टाकसाळ. खाली डावीकडे कॅटलॉग क्रमांक (केएम म्हणजे क्राउस-मिश्लर यांच्या कॅटलॉगमधला), उजवीकडे तुमचा स्वतःचा क्रमांक. उदाहरणार्थ:

ब्रिटिश भारत, १ रुपया / १९१८ मुंबई
केएम ५२४ / ब्रिभा-०४७

वजन, व्यास, खरेदी, किंमत हे सगळं वहीत किंवा संगणकात, त्या शेवटच्या क्रमांकापुढे. चौकटीवर गर्दी केली की नाण्याची जागा चिठ्ठी खाते.

टाकसाळीचं चिन्ह काढून दाखवायच्या फंदात पडू नका, नाव लिहा. हल्लीच्या नाण्यांवर वर्षाखाली शंकरपाळ्याच्या आकाराची खूण म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. हाताने काढलेलं एवढंसं शंकरपाळं आणि टिंब सहा महिन्यांनी सारखेच दिसतात. आणि कोलकात्याच्या नाण्यावर जागा रिकामी ठेवू नका, 'कोलकाता, चिन्ह नाही' असं लिहा. रिकामी जागा म्हणजे 'तपासलं नाही' असाही अर्थ होतो, आणि वर्षभराने तुम्ही तेच नाणं पुन्हा भिंगाखाली धरता.

धातू लिहायला विसरू नका, विशेषतः १९४० ते १९४७ च्या रुपयांवर. १९४० पासून चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आली, उरलेलं ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल आणि जस्त. १९४७ चे रुपये निव्वळ निकेलचे, त्यांना चुंबक धरतं. षष्ठ जॉर्जचे हे रुपये राजाच्या बाजूने चौकटीत सारखे दिसतात. 'चां ५०' किंवा 'निकेल' एवढं पुरतं.

आता आकड्यांबद्दल, आणि हे आपल्यासारख्या देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी कळीचं आहे. एका संग्रहात एकच अंकपद्धती ठेवा. देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ४ इंग्रजी आठासारखा. काही चिठ्ठ्या देवनागरीत आणि काही इंग्रजीत असतील तर १९१४ की १९१८ हे चिठ्ठीवरून ठरवताच येत नाही. नाण्यावर इंग्रजी आकडे असले तरी चिठ्ठीवर देवनागरी चालतात, फक्त सगळीकडे तेच हवेत. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या अक्षरातले दहा आकडे आणि वापरलेली लघुरूपं लिहून ठेवा. घरातल्या पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

शिवराई_प्रेमी

टाकसाळ_चिन्ह यांचा प्रतिसाद छापून वहीत लावावा असा.

मुघल आणि मराठेकालीन रुपयांसाठी भर घालतो. त्यांच्यावर हिजरी सन आणि जुलूस, म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासूनचं वर्ष असतं. मराठ्यांच्या टाकसाळींतले पुष्कळ रुपयेही शाह आलमच्या नावाने पाडलेले आहेत, तेव्हा राजाचं नाव वाचून 'मुघल' लिहू नका, टाकसाळ वाचा. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन अंदाजे येतो. ११९५ चा १७८१. हिजरी वर्ष दोन इसवी वर्षांत पसरतं, म्हणून '११९५ हि. = १७८०-८१' असं लिहा. शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा. बडोद्याच्या बऱ्याच नाण्यांवर संवत असतो. नाण्यावरचं मूळ वर्ष आधी, काढलेलं इसवी वर्ष नंतर. उलटं लिहिलं तर गणितातली चूक कधीच सापडत नाही.

फारसी आकडे वाचताना शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि गोल दिसतो तो पाच. इथे फसून लिहिलेल्या चिठ्ठ्या दुकानांतही दिसतात.

ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयांवर तर जुलूस वर्षावर विसंबूच नका. बंगालच्या मुर्शिदाबादी रुपयावर १९, फर्रुखाबादीवर ४५ आणि सुरतेच्या रुपयावर ४६ हे वर्ष कायमचं ठेवलं होतं, नाणं कधीही पाडलेलं असो. अशा चिठ्ठीवर 'जुलूस १९, स्थिर' असं लिहा आणि इसवी सनाच्या जागी त्या प्रकाराचा काळ द्या.

पाव_आणा

बॉलपेनचा मुद्दा मान्य. किंमत चिठ्ठीवर लिहावी का?

टाकसाळ_चिन्ह

उघडी लिहू नका. पाहुणा नाणं बघतो तेव्हा किंमतच वाचतो. लिहायचीच असेल तर मागच्या बाजूला पेन्सिलने, अक्षरांत. न परतणारी दहा अक्षरं ठरवा. समजा १ ते ९ आणि मग शून्य यांसाठी क र त ग ल प म ड न स घेतली, तर ८५० म्हणजे 'डलस'. तोच अंक लागोपाठ आला तर दुसऱ्या वेळी अकरावं अक्षर, समजा य. म्हणजे १२०० होईल 'करसय'. हा नमुना झाला, तुमची अक्षरं तुमची तुम्ही निवडा आणि किल्ली नाण्यांच्या कपाटात ठेवू नका.

निब_आणि_शाई

हाताने लिहायचा कंटाळा आला म्हणून छपाईकडे वळणाऱ्यांसाठी थोडक्यात. दुकानातल्या बिलासारख्या थर्मल पट्ट्या अजिबात नकोत, अक्षर उडतं. इंकजेटची डायची शाई दमटपणात पसरते. लेझरचं टोनर कागदावर चांगलं टिकतं, पण मऊ पीव्हीसीला लागून राहिलं तर त्याला चिकटून कागदावरून सुटतं. स्टिकर लेबलांचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून सुटतो किंवा चिकट होऊन पसरतो. सेलोटेपचं तेच. आणि चौकटींच्या गठ्ठ्याला रबरबँड लावू नका. रबरात गंधक असतं, त्याने शेजारची चांदी काळी पडते, पुठ्ठ्याच्या आड असली तरी.

कोकणकडा

दमट हवेबद्दल मी लिहितो. चौकटी उभ्या ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात, भिंतीला न लागणाऱ्या कपाटात. डब्यात सिलिका जेलची पुडी आणि लहानसा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की कागद, शाई आणि धातू तिघांचंही भलं. भगवी सिलिका ओल धरली की हिरवी होते, निळी असेल तर गुलाबी. सुमारे १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवली की पुन्हा कामाला येते. जूनच्या आधी एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा बघाच.

लिहायचं काम पावसाळ्यात काढू नका. पुठ्ठ्याने ओल धरलेली असते, लायनरची शाई तंतूंतून पसरते आणि अक्षराला केस फुटतात. शिवाय ती ओल नाण्यासकट आत बंद होते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लिहा.

कसरीसाठी डांबराच्या गोळ्या नाण्यांच्या डब्यात टाकू नका. त्यांच्या वाफांनी काचेसारखं कडक पॉलिस्टायरीन मऊ पडतं, नाण्यांच्या गोल डब्या बऱ्याचदा त्याच्याच असतात. कसर खळीवर आणि कागदावर येते. डबा घट्ट आणि कोरडा असेल तर येत नाही.

दोन_पैसे

शेवटचा प्रश्न. मार्करने लिहिलेल्या मऊ पाकिटांतून नव्या चौकटींत जायचं तर क्रम काय ठेवू? नावांची सरमिसळ व्हायची भीती वाटते.

रुपेरी

एका वेळी एकच पाकीट टेबलावर. दुसरं उघडायचं नाही.

आधी नाणं पाकिटात असतानाच मार्करचा मजकूर दिसेल असा फोटो घ्या. मग वहीत नवा क्रमांक टाका आणि पाकिटावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, चुकीचा वाटला तरी. तुमची दुरुस्ती त्याखाली वेगळ्या ओळीत. नंतर नाणं काढून वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत आणि व्यास मोजा. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. वापरलेला थोडा कमी भरेल. बराच कमी किंवा जास्त भरला तर पुढचं काम थांबवून आधी नाणं तपासा.

हिरवट चिकटपणा दिसला तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणं त्यात काही मिनिटं ठेवा, घासायचं नाही. दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमधून काढा आणि हवेवर सुकू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. जवळ ज्योत नको, खिडकी उघडी हवी. आणि लिहिलेली चौकट त्या टेबलावर ठेवू नका, ॲसिटोनचा शिंतोडा उडाला तर अक्षर बिघडू शकतं.

नाणं सुकेपर्यंत चौकट लिहा. तुमचा क्रमांक आधी, बाकी मजकूर नंतर, म्हणजे मध्येच उठावं लागलं तरी चौकट कुणाची ते कळतं. ओळखीबद्दल शंका असेल तो भाग पेन्सिलने आणि पुढे प्रश्नचिन्ह. नाणं आत, पिना, पकड. वहीत त्या क्रमांकापुढे खूण. मगच पुढचं पाकीट. आणि रिकामी झालेली मऊ पाकिटं 'कधीतरी लागतील' म्हणून त्याच कपाटात ठेवू नका.